माझा डावा, तुझा डावा

आधीच सांगून टाकते, चूक माझीच होती. दुधिवरे खिंडीत धुकं दाटलं होतं, रस्त्याच्या कडेला एक बंद पडलेला टेंपो उभा होता आणि तो मला दिसला तेव्हा माझ्या गाडीचा डावा आरसा त्याला घासून तुटूनही गेला होता. माणसाला काही झालं नाही, टेंपोलाही काही झालं नाही. टेंपोवाला तर झोपेतून उठलासुद्धा नाही.

पण आरसा तुटलेला दिसतो. तो काही पदराआड लपवता येत नाही. रविवारी नवाज आला आणि गेटातून आत येण्याआधीच त्यानं विचारलं, "अम्मी, हे काय झालं?"

नवाज माझा एकुलता एक मुलगा. पिंपरीत राहतो, चाकणला कंपनीत कामाला आहे. दर रविवारी बायकोला, समरीनला, आणि लेकीला, फलकला घेऊन औंढ्याला माझ्याकडे येतो, दुपारी जेवतो, तासभर झोपतो आणि चारच्या सुमाराला परत जातो. मी इथं एकटी असते. नवाजचे अब्बा, म्हणजे नसीर, जाऊन दोन वर्षं झाली. मी पवना धरणाच्या काठच्या बंगल्यांचे पडदे आणि चादरी शिवते आणि सोमवारी-गुरुवारी आमच्या जुन्या वॅगन आरमधून पोचवायला जाते. एकोणसाठ वर्षांची बाई स्वतः गाडी चालवते याचं तिकडच्या लोकांना सुरुवातीला फार कौतुक होतं. आता तेही उरलं नाही, आता पडदे उशिरा आले तर बोलतात.

मी नवाजला खरं ते सांगितलं. माझं तेच चुकलं.

"गाडी विकून टाकू," तो म्हणाला. "आणि तू आमच्याकडे चल. धुक्यात दिसत नाही तुला आता."

"मला दिसतं. गाडीला दिसत नाही," मी म्हणाले. "फॉगलाइट लावले की दिसेल."

"कोण लावणार?"

"मी."

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. माझं डोकं फिरलं. तीस वर्षं ज्या बाईनं नवऱ्याला पाना-पक्कड हातात दिली, तिच्यासमोर हसायचं?

मग तोही चिडला. दोघांचाही राग नाकावरच, तो गुण त्यानं माझ्याकडून घेतलाय. म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या रविवारपर्यंत तू स्वतः लाइट बसव. कुठल्या गॅरेजवाल्याचा हात लागता कामा नये. मग मला शेजारी बसवून खिंडीतून तिकोणा पेठेपर्यंत ने आणि परत आण. जमलं तर राहा इथंच, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर गाडी विकायची आणि तू पिंपरीला यायचं."

"अम्मीशी शर्त लावतात का कुणी?" समरीन आतून म्हणाली. तिचं कुणी ऐकलं नाही.

मला पिंपरीला जायचं नव्हतं. लेक-सून वाईट आहेत म्हणून नाही, दोघं चांगली आहेत. पण चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात खिडकी उघडायची तरी मी आधी विचारते, आणि विचारावं लागतं म्हणून उघडतच नाही. इथं औंढ्यात दोनच खोल्या आहेत, पण कुठल्या कोपऱ्यात पाणी गळतं, कुठली फरशी निसरडी होते हे मला पाठ आहे. माझं मशीन आहे, माझी गाडी आहे. गाडी गेली की पडदे गेले, पडदे गेले की मी पिंपरीच्या सोफ्यावर बसलेली एक म्हातारी. बस, इतकंच पणाला लागलं होतं. माझ्यासाठी ते थोडं नव्हतं.

सोमवारी लोणावळ्याला गेले. आमचं दुकान जुन्या हायवेवर, रेल्वेच्या रुळांना लागून होतं. गाड्यांच्या वायरिंगचं काम. नसीर गेल्यावर जागामालकानं जागा परत घेतली, आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. मी तिकडे न बघता पुढं गेले आणि स्पेअर पार्टच्या दुकानात फॉगलाइट मागितले. तिथला गौरव नसीरला ओळखायचा. त्यानं आधी पांढऱ्या उजेडाचे काढले.

"पिवळे दे," मी म्हणाले. "पांढरा धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात परत येतो."

"मावशी, हे तर नसीरभाईंचं वाक्य."

"मग? त्यांनी जाताना बरोबर नेलं नाही ते."

त्यानं पिवळ्या दिव्यांची जोडी दिली, सोबत वायर, रिले, स्विच आणि बोल्टची पुडी. "फिटिंगला कुणाकडे देणार?" त्यानं विचारलं. मी मीच बसवणार म्हटल्यावर तो हसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. फक्त म्हणाला, "समोर कोण उभं राहणार?"

मी पिशवी उचलली आणि निघाले.

समोर कोण उभं राहणार, याचा अर्थ वायरिंगच्या धंद्यातल्या माणसालाच कळतो. दिवा लागला की नाही हे आत बसलेल्याला नीट कळत नाही. किती वर, किती खाली, समोरच्याच्या डोळ्यात जातोय का, हे पुढं उभं राहिलेला सांगतो. आमच्या दुकानात तीस वर्षं ते माणूस मी होते. नसीर आत बसायचा, मी समोर सात पावलांवर उभी राहायचे. तो ओरडायचा, "काय म्हणतोय?" मी ओरडायचे, "लागला!" किंवा "जरा खाली!" हेडलाइट माझ्या कमरेपर्यंत आला की बरोबर. फॉगलाइट असेल तर गुडघ्याच्या खाली, सलवारीच्या मोहरीवर पडला पाहिजे, कारण धुकं जमिनीला टेकत नाही, त्याच्या खालून बघायचं असतं. दुसऱ्या गॅरेजमध्ये भिंतीवर खडूनं रेघा मारायचे. नसीर म्हणायचा, माझ्याकडे चार फूट अकरा इंचांची पट्टी आहे, मला भिंत कशाला?

लग्नाच्या पहिल्या वर्षी यावरून आमची रोज भांडणं व्हायची. मी म्हणायचे, डावा वर आहे. तो उतरून डावा खाली करायचा आणि मग दोन्ही बिघडायचे. कारण मी गाडीकडे तोंड करून उभी. माझा डावा तो त्याचा उजवा. "तुझा डावा की माझा डावा?" हे ऐकून ऐकून शेजारचा पंक्चरवाला आमची नक्कल करायला लागला होता. शेवटी नसीरनंच तोड काढली. दुकानात गाडी नेहमी एकाच बाजूनं तोंड करून उभी असायची, ड्रायव्हरच्या बाजूला रूळ आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. मग रुळाकडचा आणि डोंगराकडचा. डावं-उजवं बंद.

पुढं ते शब्द दुकानात राहिलेच नाहीत. गाडी कुठंही, कुठंही तोंड करून उभी असली तरी ड्रायव्हरच्या बाजूचा तो रुळाकडचा. घरात चष्मा सापडत नसला की डोंगराकडच्या खिशात बघ. पलंगावर मी जास्त जागा घेतली की, रुळाकडं सरक. आमच्या औंढ्याच्या घराजवळ ना रूळ आहेत ना कधी होते. बाहेरच्या माणसाला काही कळायचं नाही आणि आम्हाला त्याची गंमत वाटायची.

बुधवारी सकाळी पाऊस उघडला तसं मी काम काढलं. आधी बॅटरीची काळी वायर सोडवली. ती सोडवल्याशिवाय कशालाही हात लावलास तर घटस्फोट देईन, असं नसीर म्हणायचा. मग बंपरच्या खालच्या जाळीमागं दिव्यांच्या पट्ट्या बसवल्या. ओल्या फरशीवर पोतं टाकून आडवी झाले. झोपून वर बोल्ट आवळायचा म्हणजे मान आणि हात दोन्ही कामाला लागतात, आणि पाना निसटला की थेट कपाळावर. दोनदा निसटला. दोन्ही वेळा मी जे बोलले ते नवाजनं ऐकलं असतं तर त्यानं त्याच दिवशी मला पिंपरीला नेलं असतं.

वायर इंजिनाकडून आत, ड्रायव्हरच्या पायापाशी आणायची होती. मधल्या पत्र्यात एक रबरी बूच असतं, त्यातून. नसीर सायकलची तार वापरायचा. माझ्याकडे सायकलची तार नव्हती. अर्धा तास वायर ढकलत बसले, ती मध्येच वाकायची. मग डोक्यात प्रकाश पडला आणि शिवणाच्या डब्यातली नाडी घालायची सळई आणली. तिच्या नेढ्यात वायरचं टोक अडकवलं, बुचातून सळई घुसवली आणि आतून ओढली. सलवारीत नाडी ओवतात तशी वायर आली. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं म्हणाले, "बघितलंस?"

अंगणात कुणी नव्हतं. शेजारच्या कुंपणावर मांजर होतं, तेही निघून गेलं.

रिले म्हणजे दिव्यांना करंट सोडणारी डबी, तिला चार पाय असतात. एक फ्यूजमधून बॅटरीला, एक दिव्यांना, एक स्विचला आणि एक अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. मी हे कधी शिकले नाही, पण तीस वर्षं रोज कानावर पडलं की जीभ आपोआप म्हणते. सगळं जोडलं, वर काळी टेप गुंडाळली, त्यावर रेक्झिनची नळी शिवून चढवली, कारण शिवणारी बाई म्हटल्यावर काहीतरी शिवल्याशिवाय बरं वाटत नाही. बॅटरीची वायर परत जोडली आणि आत बसून स्विच दाबला.

रिले टक् वाजला. मी उतरून पुढं गेले. दोन्ही दिवे बंद.

परत आत. परत टक्. परत पुढं, परत अंधार. असे मी किती हेलपाटे घातले ते सांगत नाही. आत गेले की दिवा दिसायचा नाही, दिव्यापाशी आले की स्विच लांब. एरवी हे दोन माणसांचं काम दोन मिनिटांचं असतं. रविवार चार दिवसांवर आला होता आणि नवाजचं हसणं डोळ्यासमोर होतं.

दुपारी भाकरी खाताना आठवलं. नसीर अर्थची वायर आवळण्याआधी पत्र्यावर ब्लेड घासायचा, खर्र खर्र असा दात शिवशिवणारा आवाज यायचा आणि मी कानावर हात ठेवायचे. रंगावर अर्थ लागत नाही. रंग खरवडून खालचा पत्रा उघडा करावा लागतो. मी इतकी वर्षं कान झाकले आणि नेमकं तेवढंच शिकायचं राहिलं. हात धुतला, तसाच ओल्या हातानं ब्लेड घेतलं आणि जिथं दिव्यांच्या अर्थचा बोल्ट होता तिथला रंग खरवडला. मग स्विच दाबला आणि पुढं जायची गरजच पडली नाही. समोरच्या ओल्या जमिनीवर पिवळा उजेड पडला होता.

मी रडले का? हो, रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता राहिलं ते दिवे वर-खाली लावणं. त्यासाठी समोर कुणीतरी हवं होतं. शेजारच्या मुक्ताबाई गुडघ्यांनी बेजार, त्यांना सात पावलांवर उभं करणं पाप. शिवाय त्यांची उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त, माझा सगळा हिशेब चुकला असता. भिंत नाही, अंगणापुढं उतार आणि भातखाचरं. मग मी माझी हिरवी कमीज आणि सलवार एकत्र टाचली, हँगरला लावली आणि गाडीपासून सात पावलं मोजून दोन खांबांमध्ये कपडे वाळत घालायची दोरी बांधून तिच्यावर तो हँगर अडकवला. खांदे माझ्या खांद्याइतके वर, मोहरी जमिनीपासून माझ्या मोहरीइतकी. शिवणारीला मापं घ्यावी लागत नाहीत, स्वतःची तर नाहीच.

गुरुवारी दुपारी तीनला धुकं उतरलं. जुलैत आमच्याकडे धुकं खाचरातून वर चढतं आणि बघता बघता गेट नाहीसं होतं. मी गाडीत बसले, काच खाली केली, दिवे लावले आणि समोर बघितलं.

समोर मी उभी होते.

म्हणजे कपडेच होते, मला ठाऊक होतं. मीच टाचण्या लावल्या होत्या. पण धुक्यात डोकं नसलं तरी माणूस दिसतं. इतकीशी बाई, पिवळ्या उजेडात पाय रोवून उभी. बाह्या वाऱ्यानं हलत होत्या, ती काहीतरी ओरडून सांगत असल्यासारख्या. मी तीस वर्षं उजेडाच्या समोर उभी राहिले होते. डोळे दिपलेले असायचे, काचेमागं काय आहे ते मला कधीच दिसायचं नाही, फक्त त्याचा आवाज यायचा. त्याला आतून काय दिसत होतं हे मी कधी बघितलंच नव्हतं. तो रोज मला असं बघत होता आणि मला वाटायचं, तो दिवा बघतोय.

मी बराच वेळ बसून राहिले. बॅटरी उतरेल म्हणून शेवटी इंजिन चालू केलं. मग उतरले, पाना घेतला आणि उजेड मोहरीवर येईपर्यंत दोन्ही दिवे हळूहळू खाली केले. सलवार हलत असल्यामुळे एक बाजू जरा अंदाजपंचेच लागली. काम झाल्यावर कपडे काढून आत नेले. पावसात ठेवायला जीव झाला नाही.

रविवारी नवाज एकटाच आला. फलकला सर्दी झाली होती म्हणून समरीन घरी थांबली. आला तो थेट गाडीपाशी गेला, खाली वाकला, वायर ओढून बघितली, रेक्झिनची नळी बघितली. "ही शिवलीस?" म्हणाला. मग टाक्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता त्याला कळलं.

"समोर उभा राहा," मी म्हणाले. "सात पावलांवर."

तो उभा राहिला. मी आत बसून दिवे लावले. "काय म्हणतोय?" मी ओरडले.

"काय?"

"अरे, लागला का? वर-खाली कसा आहे?"

"हां. लागलेत दोन्ही. लेफ्टचा जरा वर वाटतोय, डोळ्यात येतोय."

मी उतरले आणि डावा दिवा खाली केला. परत आत बसले.

"अम्मी, काय केलंस? तो अजून वरच आहे आणि दुसरा पार जमिनीत गेला."

"डावाच केला की खाली."

"माझा लेफ्ट, अम्मी! माझा!"

"मग रुळाकडचा म्हण ना," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं मागं वळून बघितलं. "कुठले रूळ?"

मी काही समजावून सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? ज्या घरात तो वाढला त्याच घरात ते शब्द होते, पण ते त्याच्याशी कधी बोलले गेले नव्हते. मी म्हणाले, "ड्रायव्हर साइडचा ना?" तो म्हणाला, "हां, ड्रायव्हर साइडचा." मग मी दोन्ही नीट केले. काम झालं. पण त्या सात पावलांचं अंतर मला खूप वाटलं.

निघालो तेव्हा खिंडीत हवं तसं धुकं होतं. हवं तसं म्हणजे बोनेटच्या पुढं काही नाही. नवाजनं पट्टा घट्ट केला आणि वरचा दांडा धरला. मी हेडलाइट बंद ठेवले आणि पिवळे लावले. पांढऱ्या भिंतीखाली एक फट उघडल्यासारखी झाली. रस्त्याची कड दिसली, तिच्यावरची पांढरी रेघ दिसली, खड्डे दिसले. मी तिसरा गिअर टाकला नाही, हॉर्न वाजवत वाजवत वळणं घेतली. मध्येच एक म्हैस आडवी आली, तिचे फक्त पाय दिसले, चार काळे पाय. मी थांबले. तिला जाऊ दिलं. नवाजनं श्वास सोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

"मस्त चालवतेस, अम्मी," तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं मोबाइल काढला आणि माझं शूटिंग करायला लागला. मी म्हटलं, बंद कर. त्यानं केलं नाही.

तिकोणा पेठेत एका बंगल्यावर मला गुरुवारचे राहिलेले पडदे द्यायचे होते. तिथं राखण करणाऱ्या भामाबाईंनी पडदे घेतले आणि दिव्यांकडं बघून विचारलं, "ह्ये नवं दिसतंय. कुटं बसवलं वो मावशी?"

"मीच बसवले."

"तुमीच? आवं, खरंच व्हय?" त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग नवाजकडं वळल्या. "लय भारी हाय बग तुजी आय. आता हिची काळजीच न्हाई तुला."

"नाही ना," नवाज हसून म्हणाला. "आता काय काळजी!"

येतानाही सगळं नीट झालं. घरी आलो, चहा झाला. त्यानं बूट घातले, फीत बांधली आणि उभं राहून विचारलं, "मग, राहतेस ना इथंच?"

"राहते."

"बरं झालं," तो म्हणाला.

मी वाट बघत थांबले. खरं सांगते, माझ्याकडे उत्तरं तयार होती. तो म्हणेल, तरी पण चल. मी म्हणेन, पडद्यांची ऑर्डर आहे. तो म्हणेल, निदान पावसाळाभर. मी म्हणेन, बघू, ईदनंतर. मला जायचं नव्हतंच. पण त्यानं पुन्हा एकदा म्हणायला हवं होतं. तो शब्दाला पक्का निघाला, त्यानं विषय पुन्हा काढला नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर इतकं हलकं काही दिसलं की मला कळलं, हा आठवडाभर तोही धास्तावला होता. मी हरले असते तर चौथ्या मजल्यावर माझा पलंग कुठं लावायचा, या काळजीनं.

मला राग आला नाही. यायला हवा होता, एरवी मला कशावरही येतो. त्यांचं घर मी बघितलंय, तिथं पलंगाला जागा नाही. पण रागाऐवजी जे आलं ते जास्त वाईट होतं.

तो गाडी वळवून गेला. संध्याकाळी त्यानं ते शूटिंग घरच्या ग्रुपवर टाकलं. माझ्या नणंदेनं अंगठा पाठवला, सोलापूरच्या दिरानं तीन टाळ्या पाठवल्या. समरीननं लिहिलं, अम्मी एक नंबर. कुणीतरी लिहिलं, यांना कुणाची गरजच नाही. त्याखाली सगळ्यांनी अंगठे दिले. मी ते वाक्य दोन-तीनदा वाचलं आणि मोबाइल उपडा ठेवला.

पुढचा शनिवार आला. मी सकाळी चिकन आणून मुरवत ठेवलं होतं, फलकसाठी कमी तिखट वेगळं काढलं होतं. अकराला नवाजचा फोन आला.

"अम्मी, उद्या आम्ही येत नाही," तो म्हणाला. "तूच ये ना इकडे. दर वेळेला आम्हीच यायचं म्हणजे फलकची फार दगदग होते. आणि आता तुझ्याकडे लाइट आहेत की."

"हो," मी म्हणाले. "येईन की. त्यात काय."

"बघ, मी समरीनला म्हटलंच होतं, ती येईल. सावकाश ये, जेवायलाच ये."

"येते."

फोन ठेवल्यावर मी दारात आले. बाहेर इतकं धुकं होतं की पायरीपासून चार हातांवर उभी असलेली गाडीसुद्धा दिसत नव्हती. धुकं आहे का, असं त्यानं विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं.